जिताडा, जिवंत की तयार?

निकाल सोळाव्या अध्यायाच्या बाजूने लागला, तर हरेश कडूला काय मिळणार होते, याचा हिशेब त्याला तोंडपाठ होता. दर कंटेनरमागे क्लिअरिंगची फी, महिन्याला चाळीसेक कंटेनर, तीन वर्षांचा करार. त्यातून उरणच्या बाजारातले भाड्याचे ऑफिस सुटणार होते आणि द्रोणागिरीत स्वतःचा गाळा होणार होता. शिवाय एक रक्कम अशी होती, जी तो कोणापुढे बोलून दाखवत नसे, पण बेरजेत मात्र धरत असे. बंदरावर चार माणसांत कोणीतरी बोट दाखवून म्हणणार होते, "तो बघ, झोपलेल्या माशाची केस जिंकला तो कडू!" निकाल तिसऱ्या अध्यायाच्या बाजूने लागला, तर मिळणार होता छेडा शेठचा अर्धा कप चहा आणि "बघू पुढच्या वेळी."

न्हावाशेवाच्या क्रेन्समधून माणसे उतरून तोवर बरीच वर्षे झाली होती. कंटेनर आपले आपण यार्डात जात, आपले आपण रांगेत उभे राहत. पण आतल्या मालाला काय म्हणायचे, हे अजून माणसेच ठरवत होती आणि त्यावर हरेशसारख्या क्लिअरिंग एजंटचे घर चालत होते. जगातली प्रत्येक वस्तू जकातीच्या दरपत्रकात कुठल्या ना कुठल्या अध्यायात बसवावीच लागते. तिसरा अध्याय माशांचा. जिवंत, ताजे, गोठवलेले, खारवलेले, सुकवलेले, धुरावलेले, सगळे तिथे. सोळावा अध्याय तयार केलेल्या आणि टिकवलेल्या माशांचा, म्हणजे डबाबंद, शिजवलेले, मसाला लावलेले. त्या वर्षी सोळाव्यावर जकात नाममात्र होती. तिसऱ्यात जिवंत माशावर ती जबर होती आणि वर पंधरवडाभर विलगीकरण. हरेशला हे सगळे इतके अंगवळणी पडले होते, की लग्नाच्या पंगतीत ताट समोर आले तरी तो आधी मनात अध्याय लावायचा आणि मग जेवायचा. बायको म्हणायची, "यांना घास भरवण्याआधी बिल फाडावं लागतं."

मासळी आयात करणाऱ्या छेडा शेठने त्याला मशीद बंदरच्या ऑफिसात बोलावले, तेव्हा टेबलावर एक थंडगार पिशवी होती आणि पिशवीत हातभर लांब जिताडा. व्हिएतनामच्या तळ्यातला.

"मेला आहे?" हरेशने विचारले.

"तू सांग. तुझा धंदा आहे," छेडा म्हणाला आणि पिशवी फोडून मासा कोमट खाऱ्या पाण्याच्या टबात सोडला. दोघांनी चहा घेतला. चहा संपता संपता माशाचा कल्ला हलला. मग शेपटी. मग त्याने असा काही फटका मारला, की छेडाच्या इस्त्रीच्या शर्टावर नक्षी उमटली.

"व्हिएतनामहून असाच झोपून आलाय," छेडा शर्ट झटकत म्हणाला. "मुंबईतला प्रत्येक माणूस जिवंत जिताडा घरी नेऊन कापणार, कडूभाई. विचार कर."

रसायनाचे नाव होते 'निवांत'. त्यामागचे शास्त्र समजायला फार अवघड नव्हते. जीव थंडीने मरत नाही, थंडीत होणाऱ्या बर्फाने मरतो. पेशीतले पाणी गोठले, की त्याच्या सुया होतात आणि त्या पेशीच्या भिंती आतून फाडतात. पण शेवाळात राहणारे काही सूक्ष्म जीव वर्षानुवर्षे वाळून पडतात आणि पाणी मिळताच चालू लागतात. ते पेशीत पाण्याच्या जागी एक साखर भरतात. ही साखर गोठत नाही, घट्ट होत होत काचेसारखी थिजते, आणि जे जिथे होते ते तिथेच राहते. 'निवांत'मध्ये ती साखर होती. सोबत एका वायूचा चिमूटभर अंश होता, जो पेशींना प्राणवायू मागायचे विसरायला लावतो. मग हृदय थांबते, मेंदू थांबतो, कुजणेही थांबते. चाळीस दिवसांनी असो वा वर्षभराने, कोमट पाण्यात सोडले, की साखर विरघळते आणि जीव थांबला होता त्याच ठोक्यापासून पुढे चालू लागतो.

"जिवंत म्हणून आणला तर मी मेलो," छेडा म्हणाला. "रस्ता काढ."

रस्ता काढणे हा हरेशचा स्वभावच होता. "शेठ, पिशवीत थोडी हळद टाकायला सांगा. मिरची, लिंबाचा रस. मसाला लावलेला मासा म्हणजे तयार मासा. तयार मासा म्हणजे सोळा."

पुढच्या नमुन्यात तसे आले. टबात सोडल्यावर तो जिताडा पिवळाधमक होऊन जागा झाला आणि गरगर फिरू लागला. "हळदीतून उठून पळालेला नवरा!" हरेश म्हणाला आणि दोघे पोट धरून हसले.

आता एक गोष्ट हरेश त्या हसण्यात विसरला होता, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय होईल. तो विसरला नव्हता. त्याने ती दुसऱ्या रकान्यात ठेवली होती. त्याचा थोरला भाऊ दामोदर, कंटेनर यार्डातला जुना फोरमन, सव्वा वर्षापासून नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात ह्याच रसायनात झोपला होता. कावीळ उलटून यकृत निकामी झाले होते आणि दुसरे मिळायला वेळ लागणार होता. तोवर रोग्याचा एकेक दिवस खर्ची पडू नये, म्हणून डॉक्टर त्याला थांबवून ठेवत. खर्च दामादादाची विमा कंपनी करत होती.

प्रमिलावहिनी दर रविवारी जायची. आधी ती रोज जात होती, पण तिथल्या नर्सनेच समजावले, की रोज येऊन काही बदलत नाही. खिडकीच्या काचेपलीकडे दादा पडलेला असायचा. गाल तसेच, मिशी तशीच, नखेसुद्धा वाढलेली नाहीत. वहिनी काचेला तोंड लावून गावातली बातमी सांगायची. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोणाची होडी विकली. हरेश कधी सोबत असला, तर मागे उभा राहायचा. पहिले काही महिने त्याला आत काहीतरी टोचायचे. मग दात काढायच्या आधी सुई मारल्यावर जीभ जशी आपली वाटत नाही, तसे झाले. तो काचेकडे बघायचा आणि त्याच्या मनात यायचे, तापमान उणे तीन.

"भावजी, तुमी पन बोला ना काय तरी त्यांच्याशी," वहिनी म्हणायची.

"ऐकू येत नाही वहिनी."

"मना ठाव हाय नाय येत. मी कुठं त्यांच्यासाठी बोलतंय?"

मासा सोळाव्या अध्यायात धरावा, असा छेडाच्या वतीने हरेशने केलेला अर्ज सुनावणीला आला तो कस्टम्सच्या उपायुक्त आगवेकर मॅडमपुढे. मॅडम सहा महिन्यांत बढतीवर दिल्लीला जाणार होत्या आणि जाण्याआधी टेबल कोरे करून जायचे, हा त्यांचा पण होता. आवाज कधी चढत नसे. त्यांनी नमुना प्रयोगशाळेतून तपासून आणला होता आणि माशाच्या हृदयाचा आलेख समोर ठेवला होता. पानभर सरळ रेघ.

"कडू, हा मासा मेलेला आहे का?"

"नाही मॅडम."

"म्हणजे जिवंत आहे."

"असंही मी म्हटलेलं नाही."

"मग तिसरं काय असतं?"

"टिकवलेला आहे, मॅडम. तिसऱ्या अध्यायात गोठवणं आहे, खारवणं आहे, सुकवणं आहे, धुरी देणं आहे. झोपवणं नाही. टिकवायची जी रीत तिथे सांगितलेली नाही, ती सोळात जाते. वर मसालाही आहे."

"पण हा संध्याकाळी पोहतो."

हरेशला ह्या प्रश्नाची वाटच होती. "पोहतो ना. पण गिऱ्हाइकाच्या टबात पोहतो. आपल्या धक्क्यावर नाही. माल आयातीच्या क्षणी ज्या अवस्थेत आहे, त्या अवस्थेतच त्याचं वर्गीकरण करायचं, ही आपली जुनी रीत आहे. उद्या भात होणार म्हणून आज तांदळाला आपण भात म्हणत नाही. पुढे काय होईल ते पुढच्याचं. आत्ता, ह्या टेबलावर, ह्या माशात जीव चालू आहे का? रेघ तुमच्यासमोर आहे."

मॅडमनी पेनाचे टोपण लावले. मागे बसलेल्या दोन एजंटांनी एकमेकांकडे बघून भुवया उडवल्या. हरेशने ते पाहिले आणि बेरजेत धरले. "लेखी म्हणणं पंधरा दिवसांत द्या," मॅडम म्हणाल्या.

त्याच आठवड्यात वहिनी विमा कंपनीचे पत्र घेऊन त्याच्या ऑफिसात आली. तिने चप्पल बाहेर काढली. ऑफिसात कोणी चप्पल काढत नाही, हे तिला माहीत होते, तरी ती काढायची. कंपनीला दादाचा हयातीचा दाखला हवा होता. डॉक्टर लिहून द्यायला तयार होते, की रोगी पुन्हा जागा होऊ शकतो. पण 'आज जिवंत आहे' असे लिहायचे, तर नाडी लिहावी लागते. नाडी नव्हती.

हरेशने कंपनीच्या नेरुरकरांना फोन लावला. माणूस बोलायला अगदी मऊ.

"साहेब, आमची काही आडकाठी नाही. फक्त सरकारी आधार पाहिजे. कायद्यात ह्या अवस्थेबद्दल अजून शब्दच नाही. पण कळलं, की कस्टम्समध्ये असा एक निर्णय येतोय. देशातला पहिलाच. आम्ही त्यासाठी थांबलोय."

"अहो, तो माशाचा आहे!"

"रसायन एकच आहे ना, साहेब?"

"जकातीचा निर्णय जकातीपुरता असतो. दुसरीकडे लावता येत नाही."

"अगदी बरोबर. ते तुम्ही कोर्टात सांगू शकता. पाच-सात वर्षांत ठरेल."

हरेशने फोन ठेवला. वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हनला?"

"काही नाही. एका केसचा निकाल यायचाय."

"कोनाची केस?"

खोटे बोलावे असे त्याच्या मनात आले, पण उरणमध्ये झोपलेल्या माशाची केस कोणाची, हे पानवाल्यालाही माहीत होते. "माझी," तो म्हणाला.

वहिनीने पत्राची घडी घातली. "मंग सोपं हाय. तुमी मॅडमला सांगा, मासा जिता हाय. जिता हाय म्हनून तर पवतो."

सोपे होतेच. अर्ज मागे घ्यायचा, तिसरा अध्याय मान्य करायचा. पण छेडाने करारावर आगाऊ रक्कम दिली होती, गाळ्याचा बयाणा त्यातूनच गेला होता. आणि हरेशची सवय अशी, की दोन रकाने समोर आले, की एक खोडण्याऐवजी दोन्ही कसे वाचतील ते बघायचे. त्याला रस्ता सुचला. मसाला! मासा हळद-मिरची लावलेला आहे म्हणून तो तयार. दादाला कोणी मसाला लावलेला नाही. निकाल मसाल्याच्या जोरावर लागला, तर करारही मिळतो आणि दादालाही धक्का लागत नाही. त्याने लेखी म्हणण्याची अकरा पाने मसाल्यावर खर्च केली. 'आयातीच्या क्षणी' हे शब्द त्याने एकदाही येऊ दिले नाहीत. छेडाला त्याने सांगितले, मुद्दा भक्कम केलाय. वहिनीला सांगितले, काळजी नको, तुमचं वेगळं काढलंय. दोघांनाही सांगितलेले त्याला स्वतःला खरे वाटत होते. त्याला त्या दिवसांत बरी झोप लागली.

निकाल आला. सोळावा अध्याय. हरेशने शेवटची ओळ आधी वाचली, सगळे एजंट तशीच वाचतात. मग उलटा वर गेला.

मॅडमनी मसाला एका परिच्छेदात उडवून लावला होता. त्याचे वजन नगण्य आहे, मासा जागा करताना तो धुऊन जातो, वस्तूच्या मूळ स्वरूपात त्याने काहीही फरक पडत नाही. त्यापुढे होते: "तथापि अर्जदाराच्या प्रतिनिधीने सुनावणीत मांडलेला मुद्दा ग्राह्य आहे. प्रस्तुत वस्तू आयातीच्या क्षणी जीवनक्रियारहित आहे. पुढे जीवनक्रिया सुरू होण्याची शक्यता ही वस्तूची आजची अवस्था ठरवत नाही. सबब ती जिवंत म्हणता येणार नाही."

निकालाची प्रत घेताना मॅडम त्याला व्हरांड्यात भेटल्या. "कडू, ते हळदीचं लेखी म्हणणं कोणी लिहिलं? पोरकट होतं. तुम्ही तोंडी जे बोललात ते पक्कं होतं. तेच घेतलंय मी."

"मॅडम, ह्यावर अपील..."

"अपील? तुम्ही जिंकलात." त्या पहिल्यांदाच हसल्या. "जिंकलेल्याला अपील नसतं."

चहाच्या टपरीवर एजंटांनी त्याला खांद्यावर घ्यायचे तेवढे बाकी ठेवले. कोणीतरी खरोखरच बोट दाखवून म्हणाले, "तो बघ, झोपलेल्या माशाचा कडू." हरेशने ते ऐकले. ज्या ठिकाणी आनंद व्हायचा, तिथे त्याने चाचपून पाहिले. जीभ बधिर असताना दात चाचपावा तसे. काही हाताला लागले नाही.

नेरुरकरांचे पत्र आठवडाभरात आले. मऊ भाषेत. पहिल्या तारखेपासून विमा बंद.

रुग्णालयात समुपदेशकाच्या छोट्या खोलीत तिघे बसले. वहिनी, हरेश आणि टेबलापलीकडे डॉक्टर गोखरणकर नावाची तरुण बाई. तिने सगळे नीट समजावले. झोप चालू ठेवायची तर रोजचा खर्च घरच्यांना करावा लागेल. जागे केले तर यकृत तेच आहे, निजवले त्या दिवशी होते तेवढेच. एखादा आठवडा, फार तर दोन.

"यादीत कितवा नंबर?" हरेशने विचारले.

"तिसरा. पण महिना लागेल की वर्ष, ते कोणालाच सांगता येत नाही."

"पहिल्या तारखेपासून बिल कोणाच्या नावावर करू?" डॉक्टरने विचारले.

हरेशने तोंड उघडले. तो 'माझ्या' म्हणणार होता. हे त्याचे त्यालाही पुढे कधी सिद्ध करता आले नाही, पण तो म्हणणार होता. फक्त त्याआधी त्याने एकदा गुणाकार करून पाहिला. महिनाभर सहज जमेल. सहा महिने, छेडाने वेळेवर दिले तर. वर्ष लागले तर गाळा जातो. दीड वर्ष लागले तर...

हिशेब करताना हरेशचे ओठ हलतात, हे घरात सगळ्यांना माहीत होते. दामादादा तर त्याच्या लहानपणी त्यावरून नक्कल करून दाखवायचा. वहिनी त्याच्या ओठांकडे बघत होती. ते थांबतील म्हणून तिने वाट पाहिली. ते थांबले नाहीत.

"उठवा त्यांना," ती डॉक्टरला म्हणाली.

"वहिनी, थांबा, मी..."

"नको भावजी." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला बरे वाटले असते. "तुमी नका तरास घेऊ. लई हिशेब हाय तो."

दादाला जागे केले तेव्हा खोलीत कोमट वाफेचा वास होता. आधी एक बोट हलले, मग पापणी, मग त्याला खोकला आला. डोळे उघडल्यावर त्याने छताकडे पाहिले, वहिनीकडे पाहिले आणि पहिले वाक्य बोलला, "पाय गार पडलेत गो."

वहिनीने दोन्ही तळवे पदरात घेतले.

"किती झोपलो?"

"सव्वा वरीस," ती म्हणाली.

"आणि हा हऱ्या एवढा जाड कसा झाला? माझं पण हाच खात होता काय?"

हरेश हसला. हसायला हवे होते म्हणून. दादाचा आवाज तोच होता. तोच खरखरीत, यार्डातल्या ट्रकवाल्यांना शिव्या देऊन कमावलेला. त्याला वाटले, आता काहीतरी होईल आपल्याला. तो वाट बघत उभा राहिला.

दादाने पोटावर हात फिरवून पाहिला. टाका शोधत होता. मिळाला नाही. त्याने पुन्हा एकदा चाचपले.

"लिव्हर नाय भेटला?"

"नाय," वहिनी म्हणाली.

"मंग उठवलंत कशाला?"

हरेशने खिडकीकडे पाहिले. सांगायचे त्याने ठरवले होते. गाडीत येताना वाक्यही जुळवले होते. ते वाक्य आता त्याला सापडेना.

"मना करमत नवता," वहिनी म्हणाली. "किती दिस काचेशी बोलू? म्हनून मीच सांगितला, उठवा."

दादाने तिच्याकडे पाहिले. मग त्याचे डोळे बारीक झाले, हसण्याआधी व्हायचे तसे. "वेडी हाय ही," तो हरेशला म्हणाला. "बघ रे हऱ्या. बाईला करमत नाय म्हनून मानसाला मारतंय." आणि तो इतका हसला, की नर्सला आत यावे लागले.

तेवढ्या दिवसांत त्याने वहिनीशी पोटभर गप्पा मारल्या, दोनदा भांडणसुद्धा केले. हरेशला त्याने एकदा विचारले, "तुझ्या त्या माशाच्या केसचं काय झालं? वहिनी म्हनली, गाजते हाय."

"जिंकलो."

"शाबास," दादा म्हणाला आणि त्याचा हात थोपटला. वहिनी खिडकीपाशी ताट पुसत होती. तिने मान वर केली नाही.

दादा गेला तेव्हा पहाट उजाडली होती आणि वहिनी त्याच्याजवळ होती. हरेश रस्त्यात होता.

दुपारी तो बिलाच्या काउंटरवर गेला. जागे करण्याचा, औषधांचा, खोलीचा, सगळा मिळून आकडा चांगला घसघशीत असणार, हे त्याला ठाऊक होते. ह्या वेळी त्याने गुणाकार केला नाही. कार्ड काढून सरळ काउंटरवर ठेवले.

काउंटरवरच्या मुलीने पडद्यावर नाव शोधले. "दामोदर कडू. हे भरलंय, सर."

"कोणी?"

"प्रमिला कडू. सगळं, आगाऊ. जागं करायच्या आदल्या दिवशी."

नंतर गावातून त्याला कळले, की वहिनीने दादाच्या वाट्याचा, बंदरासाठी गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला साडेबारा टक्क्यांतला भूखंड विकला होता. तुकडा लहान होता; घाईत आलेले पैसे एवढ्या बिलालाच पुरले.

तर ज्याने त्याने काय भरले ते असे. छेडाने नाममात्र जकात भरली. मुंबईकर गिऱ्हाइकाने जिवंत जिताड्यासाठी चौपट किंमत भरली आणि खूश राहिला. सरकारने काही कोटी कमी घेतले, ते आगवेकर मॅडमच्या निकालात नीट समजावून सांगितलेले आहेत. विमा कंपनीने भरायचे थांबवले. वहिनीने जमीन भरली, आणि नवरा आपल्यामुळे लवकर गेला, हा बोल स्वतःच्या नावावर लावून घेतला. दामादादाने यादीतल्या पहिल्या नंबरापर्यंतचे सगळे दिवस भरले.

"अजून काही आहे का, सर?" काउंटरवरच्या मुलीने विचारले.

"नाही," हरेश म्हणाला. त्याने कार्ड उचलले आणि परत पाकिटात ठेवले.